मान हलवली तरी चालेल

लग्नाला काय काय लागतं हे ज्या कारकुनाने आम्हाला सांगितलं, त्याला सर्दी झाली होती. प्रत्येक कागदाचं नाव घेतलं की तो एकदा नाक ओढायचा. वयाचा पुरावा, सुर्र. राहत्या पत्त्याचा पुरावा, सुर्र. आधी लग्न झालेलं नाही असं प्रतिज्ञापत्र, दोघांचं वेगवेगळं, सुर्र. फोटो आणा, पण दात दाखवणारे नकोत. तीन साक्षीदार आणा, पण तुम्हाला नीट ओळखणारे, दारातून जाणाऱ्या कुणालाही धरून आणायचं नाही. नोटीस बाहेरच्या फळ्यावर लागेल, कुणाची हरकत असेल तर तो येऊन सांगेल, नसेल तर मुदत संपल्यावर तारीख मिळेल. माझी होणारी बायको भराभर लिहून घेत होती आणि मी फाईल छातीशी धरून शेजारी उभा होतो. ऑफिसात जोडीने गेलं की बोलायचं काम तिचं आणि फाईल धरायचं माझं, ही आमची वाटणी.

"झालं एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. आणि हो, ते वाक्य," कारकुनाने अंगठ्याने मागच्या भिंतीकडे दाखवलं. "त्या दिवशी अधिकारी बाईंसमोर, साक्षीदारांच्या देखत, दोघांनी एकेकदा मोठ्याने म्हणायचं. घरून पाठ करून या. ऐनवेळी भल्याभल्यांची बोबडी वळते."

भिंतीवर चौकटीत वाक्य लावलं होतं. मी, अमुक अमुक, तुझा, तमुक तमुक हिचा, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करीत आहे. मी ते दोनदा वाचलं.

मी अडखळतो. स्पष्टच सांगायचं तर तोतरा आहे. शाळेत मला 'इंजिन' म्हणायचे, कारण सुरू व्हायला धक्का लागायचा. लिहिताना मला काही होत नाही, हे तुम्ही बघताच आहात. लिहिताना मी चांगला फटकळ आहे. तोंड उघडलं की मात्र क आणि प ही दोन अक्षरं उंबऱ्यात आडवी पडतात आणि काही केल्या उठत नाहीत. त्यांना वळसा घालण्यात माझा निम्मा जन्म गेला. मी कुणाकडे पाणी मागत नाही, तहान लागलीय म्हणतो. प वरून सुरू होणाऱ्या थांब्याचं तिकीट मी काढत नाही; त्याच्या पुढच्या थांब्याचं काढतो आणि तेवढं मागे चालत येतो. माझं स्वतःचं नाव तेवढं बरं निघतं, आईने ठेवताना अक्षर चांगलं निवडलं. पण कायद्याला वळसा कसा घालणार? एवढी मोठी भाषा पडलेली असताना त्याने माझ्यासाठी निवडलं काय, तर 'कायदेशीर पत्नी'. जणू कुणीतरी माझी चौकशी करून, मुद्दाम बसून ते वाक्य लिहिलं होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. मालक पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि मी मागच्या खोलीत मशीनवर असतो. माझा हात चांगला आहे म्हणून मला मागे ठेवलंय असं मालक सांगतात, आणि मीही तेच धरून चाललो आहे. एका दुपारी मालक जेवायला गेले असताना ती आली. तिच्या चष्म्याची दांडी तुटली होती. नाइलाजाने मी पुढे आलो आणि कधीपर्यंत हवा ते विचारायला तोंड उघडलं. "क... क... क..."

"कधीपर्यंत हवा? उद्या चालेल," ती म्हणाली. "नवी दांडी लावा, रंग हाच. पैसे आत्ता देऊ की उद्या? उद्याच देते."

मी तीनदा मान हलवली आणि सगळं ठरलं. इतकं सुरळीत संभाषण मी जन्मात केलं नव्हतं. नंतर कळलं की ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. तोंडात कापूस कोंबलेली माणसं दिवसभर तिच्यापुढे येऊन ऊं ऊं करतात आणि त्यांना पुढची तारीख हवी आहे की दुखतंय की पाणी हवंय, हे तिला बरोबर कळतं. शब्द पुरा व्हायची वाट बघणं तिच्या नोकरीत बसतच नाही.

सुरुवातीला मला ते वरदान वाटलं. हॉटेलात, दुकानात, फोनवर, मी शब्दाला हात घातला की ती तो पुरा उचलून द्यायची. पुढे पुढे मी हात घालायच्या आधीच उचलायला लागली. कधी तिचा अंदाज चुकायचा. मला कॉफी हवी असायची आणि ती चहा सांगून मोकळी व्हायची. तेव्हा "नाही, मला क... क..." असं नव्याने सुरू करण्यापेक्षा चहा पिणं परवडायचं. मी पुष्कळ चहा प्यायलो. तिचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

तिच्या घरची म्हणजे तिची मोठी बहीण. आईवडिलांमागे ताईनेच तिला वाढवलं. नोटीस लागल्यावर ताईने मला घरी बोलावलं. सोफा, काचेचं टेबल, ताईची दोन मुलं समोर मांडी घालून बसलेली.

"नक्की काय काम करता तुम्ही?" ताईने विचारलं.

शेजारी बसलेल्या माझ्या होणाऱ्या बायकोने तोंड उघडायच्या आत मीच बोलायचं ठरवलं. माणसाने स्वतःचं काम तरी स्वतःच्या तोंडाने सांगावं. "का... का... का..."

"आई, कावळा!" धाकटा ओरडला आणि दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळून हसायला लागली. ताईने त्यांना दोन धपाटे घालून आत पाठवलं, माझी माफी मागितली, आणि मग कपात तोंड घालून बराच वेळ चहा पीत राहिली. तिचे खांदे हलत होते. हसू आवरत नव्हतं बिचारीला. मला मुलांचा राग आला नाही, ताईचाही फारसा नाही. मी बघितलं ते माझ्या होणाऱ्या बायकोकडे. तिचे कान लालबुंद झाले होते आणि ती गालिच्याकडे बघत होती. परतीच्या वाटेवर ती रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाबद्दल बोलली, पण त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

वाक्याचा सराव मी आधी दुकानात केला. आम्हा अडखळणाऱ्यांची एक गंमत आहे. कानाशी मोठा आवाज असला आणि स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की आमची जीभ सुटते. मशीन चालू असलं की मी 'कायदेशीर पत्नी' असं धाडधाड म्हणायचो. मशीन बंद केलं की पुन्हा क आडवा. नोंदणी ऑफिसात मशीन नेता येईल का, असा विचारही मी गंभीरपणे केला.

मग आईने मनावर घेतलं. "मशीन खड्ड्यात गेलं," ती म्हणाली. "माझ्यासमोर म्हण."

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ती अधिकारी बाई व्हायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायची, समोर मटारच्या शेंगा घेऊन बसायची आणि म्हणायची, "हं, वर कोण आहे? पुढे या." मी सुरू करायचो. अडलो की ती शेंगा सोलत राहायची. माझ्याकडे टक लावून बघायची नाही, दुसरीकडेही बघायची नाही. लहानपणापासून तिचं हे असंच. शाळेत बाईंनी माझ्याबद्दल 'मुलगा बोलत नाही' असं सांगितलं, तेव्हा ती तिथे जाऊन भांडली होती. "बोलतो. तुम्हाला थांबायला वेळ नाही, ते सांगा," म्हणाली होती. माझा एकही शब्द तिने आजवर माझ्या तोंडून काढून घेतलेला नाही. 'कायदेशीर'च्या क पाशी मी एवढा वेळ थांबायचो की सगळा मटार सोलून व्हायचा, पण शेवटी ते निघायचं. होता होता वाक्य पुरं व्हायला लागलं. दोन ठिकाणी गचके, मान थोडी वाकडी, पण पुरं. आई हात पुसून टाळ्या वाजवायची. "त्या बाईला म्हणावं, घाई असेल तर चहा पिऊन ये," ती म्हणायची. मला कधी नव्हे तो लग्नाच्या दिवसाचा हुरूप आला होता. मी हे माझ्या होणाऱ्या बायकोला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, तिथेच ऐकेल.

परवा तो दिवस आला. माझ्या बाजूने आई आणि मालक, तिच्या बाजूने ताई, असे तीन साक्षीदार. आईने ठेवणीतले कपडे काढले होते आणि बाकावर बसल्या बसल्या ती ओठातल्या ओठात माझं वाक्य म्हणत होती. आमच्या आधीचं जोडपं हसत बाहेर आलं आणि आम्ही आत गेलो. लांब टेबल, त्यावर प्लास्टिकची फुलं, मागे साक्षीदारांचा बाक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. अधिकारी बाई प्रेमळ होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उगाचच मोठ्या आवाजात, तोंड रुंद रुंद उघडत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं:

"तुम्ही. अजिबात. काळजी. करू नका. नुसती. मान. हलवली. तरी. चालेल."

मला कळेना. त्यांनी समोरचा कागद उचलला आणि बाकीच्यांना नेहमीच्या आवाजात सांगितलं, "वराला वाचा नाही, तशी नोंद आहे. त्यांचं वाक्य मी वाचेन, ते मान हलवून संमती देतील. कायद्याने ते पुरेसं आहे."

यावर मला काय वाटलं ते खरं सांगायला हवं. राग नंतर आला, अपमान त्याच्याही नंतर. पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. म्हणायचं नाही! क नाही, प नाही, काही नाही! क्षणभर मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मागून आईचा आवाज आला. "मुका नाही हो तो."

ती हसतच उठली होती. ऑफिसवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय आणि आपण तो निस्तरतोय, अशा थाटात ती पुढे आली. "अडखळतो जरासा. पण बोलतो. पाठसुद्धा केलंय त्याने. म्हण रे, म्हणून दाखव यांना."

बाईंचा चेहरा बदलला. "नोंद कुणी करून दिली?"

सर्दीवाला कारकून दाराशीच होता. "वधूने. फोटो द्यायला आल्या होत्या तेव्हा. समक्ष सांगितलं." आणि त्याने नाक ओढलं.

आईचं हसू जागच्या जागी राहिलं. बाई तिच्याकडे वळल्या, माझ्या होणाऱ्या बायकोकडे. "हे बघा, खोटी माहिती दिलेली असेल तर आज लग्न लागणार नाही. पुन्हा पहिल्यापासून नोटीस, आणि तुमच्यावर कारवाई करावी लागेल ती वेगळी." मग माझ्याकडे. या वेळी आवाज साधा होता. "तुम्हाला बोलता येतं का?"

तिने माझा हात धरला. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द पुरे करणाऱ्या त्या मुलीला स्वतःसाठी एक शब्द सापडत नव्हता. ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, म्हणजे ताईला ठाऊक होतं. मालकांकडे बघितलं तर ते मूग गिळून पंख्याकडे बघत होते. गिऱ्हाइकाला हवी तीच फ्रेम शोभते म्हणण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, ते मध्ये कशाला पडतील? आणि आई माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती. तिने तर हातही थोडे वर उचलले होते, टाळ्या वाजवायच्या आधी उचलते तसे.

मी 'हो' म्हटलं असतं तर माझी बायको खोटी ठरणार होती, तिच्या बहिणीसमोर, सरकारी माणसांसमोर. 'नाही' म्हटलं तर माझी आई खोटी ठरणार होती. मी बायकोला वाचवलं, असं मी परवापासून स्वतःला सांगतो आहे. पण ह वर मी कधी अडत नाही. 'हो' एका दमात निघालं असतं. मला भीती होती ती त्याच्या पुढच्या वाक्याची. सगळे वाट बघत उभे, पंखा कुरकुरतोय, मी क पाशी मान वाकडी करून अडलोय आणि ताई पुन्हा कशात तरी तोंड घालतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी मान हलवली. या बाजूला आणि त्या बाजूला. नाही, मला बोलता येत नाही.

"बसा आई," अधिकारी बाई एकदम मवाळ झाल्या. त्यांनी उठून आईच्या पाठीवर हात ठेवला. "आईला असलं मान्य करणं जड जातं. आम्ही बघतो ना इथे. वाईट वाटून घेऊ नका."

आईने एकदा त्या बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि बाकावर जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाही वेळ गेली नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो आहे. तोंड होतं, जीभ होती, हवा होती.

लग्न लागलं. तिने तिचं वाक्य खणखणीत म्हटलं, दवाखान्यात पुढचा नंबर पुकारावा तसं. माझं बाईंनी वाचलं. 'कायदेशीर पत्नी' त्यांच्या तोंडून अगदी मऊ निघालं, आणि मी मान हलवली, वरून खाली. मग सह्या. कारकुनाने आईला बोटाने जागा दाखवली. वराला वाचा नाही, त्याने मान हलवून संमती दिली, आणि हे मी प्रत्यक्ष पाहिलं, अशा मजकुराखाली आईने तिच्या वळणदार अक्षरात सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं. मालकांनी माझी पाठ थोपटली. ताईने मला हाताने खूण करून अभिनंदन केलं. तिलाही तेच सोपं वाटलं असावं.

बाहेरच्या व्हरांड्यात माझ्या बायकोने मला भिंतीशी ओढलं. तिचे डोळे भरले होते.

मी विचारायला गेलो, "का... का..."

"कारण मला बघवलं नसतं," ती म्हणाली. "ताईच्या घरी काय झालं ते विसरलास? मुक्याला कुणी हसत नाही रे. मुक्याबद्दल लोकांना वाईट वाटतं. मला वाटलं, एवढा एक दिवस तरी कुणी हसू नये." मग खाली बघून, अगदी हळू, "आणि मला लाज वाटली असती. तुझी नाही. म्हणजे... हो, तुझीच."

ती खरं बोलत होती आणि मी तिला काही म्हणू शकत नव्हतो. नुकतीच मी माझ्या आईची जी गत केली होती, तिच्यापुढे हिचं काय मोठं होतं? ती रडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही नवराबायको म्हणून पहिल्यांदा उभे होतो ते हे असे.

आई आमच्यासाठी थांबली नव्हती. कठड्याला धरून ती जिना उतरायला लागली होती. मी काढून ठेवलेला कोट तिने दंडावर टाकला होता, कार्यक्रम झाल्यावर उकडेल म्हणून आणलेला साधा शर्ट पिशवीत घेतला होता. तिची पाठ बघून मला राहवेना. तिला थांबवायचं, तिच्यासमोर उभं राहायचं आणि मग जे निघेल ते निघेल, कितीही वेळ लागो. मी कठड्याशी आलो आणि हाक मारली.

आई या शब्दात अडण्यासारखं काहीच नाही. क नाही, प नाही, नुसतं तोंड उघडायचं. तो मला कधीच अडला नव्हता. मी तोंड उघडलं. छाती भरलेली, गळा ताठ, आणि आवाज नाही. मी तसाच उभा राहिलो. आई एकेक पायरी खाली जात होती.

"आई!" माझी बायको माझ्या शेजारून म्हणाली. तोवर ती तिला काकू म्हणायची. "आई, थांबा ना. हे हाक मारतायत तुम्हाला."

आई थांबली. वळली. तिने वर बघितलं, पण माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"बोल बाई," ती म्हणाली. "काय म्हणायचंय त्याला?"